साखर नॉर्मल, तरी धोका

बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे. त्यातल्या दुसऱ्या पिढीच्या, साखर नॉर्मल असलेल्या २,४२२ जणांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१ जणांना मधुमेह झाला. मग त्यांच्या रक्ताचे जुने, गोठवून ठेवलेले नमुने तपासले गेले. तुलनेला घेतलेली माणसं वयानं, वजनानं, उपाशीपोटीच्या साखरेनंही त्यांच्यासारखीच होती; मधुमेह तेवढा झालेला नव्हता.

फरक निघाला तो अमिनो आम्लांत, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांत. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फेनिलअॅलनिन ही पाच आम्लं पुढं मधुमेही झालेल्यांच्या रक्तात आधीपासूनच जास्त होती. त्यांतली तीन एकत्र मोजली, तर सर्वांत वरच्या पाव गटाचा धोका सर्वांत खालच्या गटाच्या पाचपटीहून अधिक भरला. हे २०११ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आलं.

इन्सुलिन फक्त साखर सांभाळत नाही, प्रथिनांची मोडतोडही आवरतं. शरीर त्याला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर कशीबशी ताब्यात ठेवतं, रिपोर्ट स्वच्छ येतो. आम्लांचा हिशेब मात्र तोवर बिघडू लागलेला असतो. ही आम्लं आजार घडवतात की त्याची नुसती चाहूल देतात, यावर वाद आहे. तेव्हा लगेच डाळ-दूध बंद करायला कुणी निघू नये.

हाताशी असलेली तपासणी म्हणजे एचबीएवनसी, तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे पूर्वमधुमेह. पण ती हिमोग्लोबिनवर बेतलेली असल्यानं लोहाची कमतरता आकडा फुगवू शकते, तर सिकलसेल या रक्तविकारात लाल पेशी लवकर मरत असल्यानं तो फसवा कमी येतो. सिकलसेलचे रुग्ण पाहणाऱ्या गडचिरोली-नंदुरबारच्या डॉक्टरांना हे विसरून चालत नाही.

शिवाय फ्रॅमिंगहॅमची माणसं बहुतेक युरोपीय वंशाची; भारतीय शरीराचं गणित वेगळं असू शकतं. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपलाच जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! बारीक दिसणाऱ्या भारतीयाला वजनकाटा खोटा दिलासा देतो, तो असा.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटानं मधुमेहाचा धोका मोजताना वजनाऐवजी कंबरेचा घेर धरला. त्याच्या जोडीला वय, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह, असे १०० पैकी गुण. ६० किंवा जास्त पडले, तर रक्त तपासून घ्यायचं.