तोल आधी जमिनीवर

बिनतारी नियंत्रणावर उडणारे छोटे विमान म्हणजे पोरखेळ, असा पुष्कळांचा समज असतो. पण दीड-दोन किलो वजनाची, पुढे पंखा गरगरत असलेली वस्तू ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने येत असेल आणि चालवणाऱ्याच्या हुकमात नसेल, तर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांपुरता तो खेळ राहत नाही. म्हणून पहिल्या उड्डाणाआधी अशा विमानाचा तोल का आणि कसा पाहावा, एवढाच विषय आम्ही आज आपणापुढे मांडणार आहोत.

मुद्दा समजण्यास बैलगाडी पुरेशी आहे. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि गाडीवानाचे काही चालत नाही. ओझे पुढे जास्त झाले तर बैलांच्या मानेवर भार येतो, चाल मंदावते. पण गाडी हातची जात नाही. विमानाचेही तसेच. फरक एवढाच की, गाडीचा आस डोळ्यांना दिसतो. विमानाच्या तोलाची जागा मोजून काढावी लागते.

वस्तूचे सगळे वजन जणू एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते. त्यास गुरुत्वमध्य म्हणतात, आणि हवेत विमान त्याच बिंदूभोवती वळते. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले की पंख व शेपूट यांना हवेची उचल जास्त मिळते. ही वाढीव उचल जेथे लागू होते, ती जागा गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर विमानाचा मागला भाग उचलला जातो, नाक खाली येते आणि विमान आपले आपण सावरते. पण गुरुत्वमध्यच त्या जागेच्या मागे सरकलेला असेल, तर तीच उचल नाकाला आणखी वर ढकलते. पुढे पंखांची उचल एकाएकी मोडते व विमान कोसळते. बोटे कितीही चपळ असोत, प्रत्येक झोताला वेळेवर उत्तर देणे माणसाला साधत नाही.

फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो याने १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी बागेत पिळलेल्या रबराच्या जोरावर छोटे विमान उडवले. ते सुमारे ११ सेकंद हवेत राहिले. आत माणूस नव्हता, बाहेरून नियंत्रण नव्हते. शेपटाची रचना आणि वजनाची जागा यांनीच त्याला सावरून धरले.

आता कृती. सरळ पंखांचे, शिकाऊ माणसासाठी केलेले विमान घ्या. पंखाच्या पुढल्या कडेपासून मागल्या कडेपर्यंतची रुंदी मोजा. ती २४ सेंटिमीटर भरली, तर तोलाची जागा पुढल्या कडेपासून पाव ते एक-तृतीयांश अंतरावर, म्हणजे ६ ते ८ सेंटिमीटरांच्या दरम्यान येते. पहिल्या खेपेला ६-७ वरच राहावे. विमानाच्या आराखड्यात जागा दिलेली असेल तर तीच प्रमाण मानावी.

धडाच्या दोन्ही बाजूंस पंखाखाली तेथे खूण करा. बॅटरी, पंखा, चाके, सगळे बसवूनच तोलावे. तेलाचे इंजिन असल्यास टाकी रिकामी ठेवावी. टाकी सहसा पुढे असते, आणि तेल जळत जाते तसतसे नाक हलके होते. मग खुणांवर दोन बोटे टेकून विमान उचला. पंख धडाच्या खालच्या अंगाला असतील तर ते उलटे धरून तोलावे. विमान सपाट राहिले किंवा नाक किंचित झुकले, तर ठीक. शेपूट खाली गेले, तर ते उडवू नये.

दुरुस्ती करताना वजन वाढवण्याआधी असलेले वजन सरकवून पाहावे. समजा, १२०० ग्रॅमच्या विमानाचा तोल १ सेंटिमीटर मागे आहे. खुणेच्या ३० सेंटिमीटर पुढे, नाकात शिसे बसवायचे तर ४० ग्रॅम लागेल. कारण १२०० गुणिले १ म्हणजेच ४० गुणिले ३०. पण २०० ग्रॅमची बॅटरी ६ सेंटिमीटर पुढे सरकवली तरी तेच काम होते, आणि विमानावर एक ग्रॅमही चढत नाही. मात्र ती घट्ट बांधावी. हवेत बॅटरी मागे घसरली की सगळा हिशेब फुकट.

शेवटी नाकाचे टोक आणि शेपटाचे टोक धरून विमान उचला. एक पंख खाली जात असेल तर दुसऱ्याच्या टोकाला थोडे वजन चिकटवा.

एवढ्या कामाला पाऊण तास पुरतो. तरी ते टाळले जाते, कारण मंडळी जमलेली असते आणि प्रत्येकाला घाई असते. कारखान्यात यंत्राची जाळी बसलेली नाही म्हणून बटण दाबण्यास नकार देणाऱ्या कामगाराला आम्ही भित्रा म्हणत नाही. शेजारी उभ्या असलेल्यांचे हातपाय त्याच्या नकाराने शाबूत राहतात. मैदानावर विमान शेपटाला जड निघाले, तर जमलेल्या सगळ्यांसमोर ‘आज उडणार नाही’ असे सांगण्याची तयारी चालवणाऱ्याने ठेवावी, आणि पाहणाऱ्यांनी त्याला हसू नये.