कार्डाचे बिल घरात कोण वाचते?

दादर पूर्वेला नायगावच्या बी. डी. डी. चाळीत आमचे बालपण गेले. तेव्हा घरात दोन प्रकारच्या वह्या असत. एक आमच्या शाळेच्या आणि दुसरी वाण्याची. साखर, चहापूड, तेल आणायला आई पाठवी तेव्हा वाण्याची वही बरोबर न्यावी लागे. पगाराच्या दिवशी वडील तिची बेरीज स्वतः करीत आणि चुकलेला आकडा वाण्याला दाखवून दुरुस्त करून घेत. १९८२ च्या गिरणी संपात पगार थांबला आणि वाण्याने वही मिटली. आई रिकामी पिशवी घेऊन परत आली, तो दिवस आम्ही विसरलेलो नाही.

आमच्या मुलाला पहिली नोकरी लागली आणि त्याने बँकेचे क्रेडिट कार्ड घेतले, तेव्हा खरे सांगायचे तर आम्हांला अभिमान वाटला. ज्यांच्या आजोबांना गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या पठाणाकडून रुपयाला महिना एक आणा व्याजाने पैसे घ्यावे लागत, त्यांच्या नातवाला बँक पत देते! पण वाण्याची वही घरातले सगळे पाहत. कार्डाचे बिल मुलाच्या फोनवर येई आणि तो एकटाच पाही. तोही पूर्ण पाहत नव्हता, हे पुढे कळले.

एके दिवशी सहज विचारले, तर बाकी २४,००० रुपये निघाली. "बाबा, काळजी करू नका, फक्त बाराशे भरायचे आहेत," तो म्हणाला. या 'फक्त'नेच घात केला होता. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्याच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. २४,००० वर महिन्याचे व्याज ८४० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १५१ रुपये. म्हणजे भरलेल्या बाराशेपैकी ९९१ व्याज-करातच गेले. मुद्दल कमी झाले २०९ रुपयांनी! पूर्ण बिल मुदतीत भरले तर खरेदीवर व्याज लागत नाही, ही कार्डाची सोय आहे. पण बाकी ठेवली की ती सवलत जाते आणि नव्या खरेदीवरही व्याज धावू लागते. कार्डावर रोख पैसे काढले तर व्याज काढल्या दिवसापासूनच, वर शुल्क वेगळे. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा बिलावर छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत घातले आहे. तो छापलेला असतोच. वाचतो कोण?

मग तीन महिन्यांची बिले कागदावर काढून घेतली आणि रविवारी सगळे घर भोवती बसले. अडीअडचणीच्या व गरजेच्या खर्चाला निळी खूण, टाळता आला असता त्याला लाल, शिक्षण-पुस्तकांना हिरवी. एकूण खर्च ४१,०००. किराणा, औषधे, वीजबिल मिळून १८,०००. नव्या फोनचे हप्ते ९,०००. जयंतीला रानडे रोडवर घेतलेल्या कपड्यांवरून आम्ही मुलाला बोललो होतो. ते निघाले ४,६०० चे. पण रात्री फोनवरून मागवलेले खाणे ६,४०० झाले होते. एकतीस वेळा, शंभर-दोनशे, शंभर-दोनशे! उरलेल्या ३,००० च्या बारीकसारीक रकमा कशाच्या, हे त्यालाही धड सांगता येईना. हिरवी खूण एकही नव्हती. पोरगा मान खाली घालून बसला. आम्हीही काही बोललो नाही, कारण किराण्याचे सामान कार्डावर आण, असे आम्हीच त्याला सांगत होतो.

आपल्याच दादरच्या राजगृहात राहणाऱ्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, हे आपण भाषणांतून सांगतो. महिन्याचा खर्च पुरावा म्हणून माता रमाई रोजच्या पैशांच्या वेगवेगळ्या पुड्या बांधून ठेवत, असेही सांगतात. एक पुडी संपली की त्या दिवसाचा खर्च संपला. कार्डाला अशी पुडी नाही, म्हणून ती आपणच बांधावी लागते. तथागतांनी कोलिय कुळातील दीघजाणूला गृहस्थाचा धर्म सांगताना तराजू धरणाऱ्याचा दाखला दिला: कोणते पारडे किती खाली गेले हे त्याला कळते, तसे गृहस्थाला आपली आवक-जावक कळली पाहिजे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या चार सुखांत ऋण नसण्याचे सुख वेगळे मोजले आहे. वंदनेनंतर या सुत्तांवर विहारात चर्चा व्हावी, असे आम्हांला वाटते. कर्जाची गोष्ट माणसे लाजेने लपवतात आणि ती लपल्यानेच वाढते.

आमच्या पतपेढीतून वर्षाला १२ टक्के दराने कर्ज काढून कार्डाची सगळी बाकी एकदम भरली. पतपेढीचा हप्ता मुलाच्या पगारातून जातो. कार्ड मोडले नाही, पण ते आता आईच्या कपाटात असते आणि फोनमधल्या खाण्याच्या दुकानांतून त्याचा नंबर काढून टाकला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी बिल मोठ्याने वाचले जाते. वाचण्याचे काम धाकट्या मुलीकडे आहे. परवा तिनेच विचारले, "दादा, हे दर महिन्याला १९९ रुपये कशाचे जातात?" कुठल्याशा सिनेमांच्या वर्गणीचे होते. वर्षभर कोणी तो पाहिलाही नव्हता.