लुगडं नेसायचं की प्यायचं?

नागोठण्याच्या बाजारात ‘लुगडं’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते काष्टा मारलेली नऊवारी. पण हाच शब्द गुजरातची बॉर्डर ओलांडून गेला की युनिसेक्स होतो, माहीत आहे का? तिथे ‘लूगडां’ म्हणजे सगळेच कपडे, आजोबांचा सदरासुद्धा! राजस्थानात ‘लूगडी’ म्हणजे ओढणी. आणि कुलू-मनालीत लुगडी मागितलीत तर? हातात येईल ग्लास! तिकडे लुगडी म्हणजे घरगुती बिअर. ट्रिपला जाताय ना? ऑर्डर जपून द्या.

आता साडी. संस्कृत ‘शाटी’, तिची प्राकृतात झाली ‘साडी’. सोप्पं! पण याच घराण्यातल्या ‘शाटका’वर पतंजलींनी महाभाष्यात दोन हजार वर्षांपूर्वीच धमाल कोडं घातलंय. गिऱ्हाईक म्हणतं, या सुताचा शाटक विण. विणकर चक्रावतो. शाटक असेल तर विणायचा कशाला? आणि विणायचाच असेल तर तो अजून शाटक कुठे झालाय? शेवटी तोच मांडवली करतो: विणून झाल्यावर ज्याला शाटक म्हणतील, ते विणू या. असा कस्टमर सपोर्ट आज मिळतो का?

धोतर आलं ‘धौत’वरून, म्हणजे धुतलेलं. पारोसं धोतर ही चक्क फसवणूक!

‘पातळ’? वरणही पातळ, नेसायचंही पातळ. वाढताना काळजी घ्या.

शर्ट घालतात, पागोटं बांधतात, लुगडं मात्र नेसतातच. ‘लुगडं घातलं’ म्हणून बघा, आजी जागच्या जागी करेक्शन करतील.

नऊ वार म्हणजे 27 फूट कापड, एक टाका नाही, एक खिसा नाही. नाही कसा? कमरेची कनवट ही पर्स: नोटेची बारीक घडी, वर सुपारीचं खांड. पुढचा ओचा ही शॉपिंग बॅग, त्यात किलोभर वालाच्या शेंगा आरामात! आणि काष्टा आवळला की कोळीण खाडीच्या चिखलात उतरायला मोकळी. पायघोळ सहावारी इथे साफ नापास. कोळीदादांचा सुरका तर त्याहून सुटसुटीत, कमरेला तिकोनी रुमाल की झालं!

आता खास लोकल धक्का. नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात काय बनतं, माहीत आहे का? प्लास्टिकचे दाणे तर बनतातच, शिवाय ग्लायकोलही, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याचा कच्चा माल. आणि तो तयार होतो इथेन-प्रोपेन वायूंपासून. तेव्हा आहेरात आलेली, पुढच्या आहेरात जाणारी ती झुळझुळीत, इस्त्री न मागणारी साडी निघते अक्षरशः गॅसवर!