बर्फाने फोडलेलं बीड

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या भातशिवारात डिसेंबरच्या पहाटे धुकं दाटतं, घरोघरी शेकोट्या पेटतात, पण पाणी काही गोठत नाही. पंपाचं इंजिन रात्रभर पाण्यासकट बांधावर राहिलं तरी सकाळी हँडल मारलं की सुरू. त्यामुळे साध्या पाण्याने इंजिन फुटतं म्हटलं, तर या भागात ऐकणारा आधी हसतो. हसत नाहीत ते लडाखला नोकरी करून आलेले. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, तेव्हा अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.

लडाखमधलं पँगाँग सरोवर सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. पाणी खारट, तरीही हिवाळ्यात ते गोठून जातं. उंचावरच्या अशा जलाशयांतही गस्त घालता यावी म्हणून लष्कराने जानेवारी २०२१ मध्ये गोवा शिपयार्डशी १२ वेगवान बोटींचा करार केला. अशा थंडीत बोटीच्या इंजिनातलं पाणी काढायचं राहून गेलं, तर काय होईल?

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. फुगायला जागाच ठेवली नाही, तर उणे ५ अंशांना दाब ६०० वातावरणांच्या आसपास जातो. ट्रकच्या चाकात तो सात-आठ असतो. इंजिनाचा ब्लॉक बहुधा बिडाचा. बीड दाबाचा मोठा भार सोसतं; मात्र ताण दिला की लवकर तडकतं. त्यात ग्रॅफाइटच्या पातळ चकत्या पसरलेल्या असतात आणि ताण आला की प्रत्येक चकती आयत्या चिरेसारखी वागते. बर्फ तर आतून बाहेर रेटतो, म्हणजे नेमका ताणच देतो.

ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची गोल बुचं ठोकलेली असतात. बर्फ झाला की ती उडतात आणि ब्लॉक वाचतो, असं बोटवाले सांगतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओतकाम करणाऱ्याला विचारा, तो ती भोकं कशाला ठेवतात ते सांगेल. पाणी खेळायची पोकळी वाळूच्या कोअरने होते. तो कोअर साच्यात धरून ठेवायला आणि ओतल्यावर वाळू झाडून काढायला वाट लागते. ती वाट नंतर बुचाने बंद करतात. बुच उडून ब्लॉक वाचला तर नशीब. मध्येच कुठे बर्फाचा बांध पडून पलीकडे पाणी कोंडलं, तर बुच जागेवर राहतं आणि भिंत जाते.

आता खिशाचा प्रश्न. नवं इंजिन परवडत नसेल, तर पहिला खर्च तपासणीचा करावा. आधी ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल, तर चीर आत असण्याची शक्यता मोठी. अशा ब्लॉकवर पैसा घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ऑइल स्वच्छ असेल, तर पाण्याच्या वाटा बंद करून थोडी हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे चीर दाखवतात.

बाहेरची चीर सांधता येते, पण वेल्डिंगने ते नाजूक काम आहे. बिडातला कार्बन तापून भरभर थंड झाला की सांध्याशेजारी काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होतो आणि चीर तिथूनच पुढे धावते. त्यापेक्षा थंड शिलाई बरी. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तिची धाव थांबवतात, आडव्या खाचांत निकेलच्या मिश्रधातूच्या पट्ट्या ठोकतात आणि मधल्या जागेत एकमेकांत घुसणारे आटेदार खिळे बसवतात. कारागीर मात्र मुरलेला हवा.

तरी बिडाचं वेल्डिंग अगदीच अशक्य नाही. १९१७ साली अमेरिकन बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी आपल्याच इंजिनांचे बिडाचे सिलिंडर फोडून ठेवले होते. नवे ओतायचे तर फार वेळ गेला असता. अमेरिकनांनी केलेल्या वेल्डिंग आणि ठिगळांवर काही महिन्यांत ती जहाजं अमेरिकन सैनिक घेऊन युरोपला निघाली.

ब्लॉक बदलायचाच ठरला, तर नुसता जुना ब्लॉक घ्यावा आणि आपलं हेड, मॅनिफोल्ड, पंप त्यावर चढवावेत. तेही दाब देऊन तपासल्यावरच, कारण बर्फ एकट्या ब्लॉकवर थांबत नाही. कोकणातल्या कितीतरी ट्रॉलरवर ट्रकच्या जातीची डिझेल इंजिनं चालतात, तेव्हा रस्त्यावरचं इंजिन पाण्यात नेण्यात गैर काही नाही. पेट्रोल इंजिनाला मात्र मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर लावून पैसे वाचवू नयेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि तिला एक ठिणगी पुरते. बुचंही पितळेची घ्यावीत. खाऱ्या पाण्यात साधा पत्रा टिकत नाही.

पुढच्या थंडीआधी ब्लॉकच्या खालचे पाणी सोडायचे कॉक उघडावेत. कॉक उघडूनही थेंब आला नाही, तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. गंज आणि गाळाने भोक बुजलेलं असतं. पाण्याची धार लागेपर्यंत ते तारेने टोचावं.