बनावट व्यापारचिन्हे आणि सीमाशुल्क विभाग

न्हावाशेवा बंदरात उतरलेल्या पेटीवरील चिन्ह अस्सल की बनावट, हे सीमाशुल्क-अधिकाऱ्यास नुसते पाहून ठरविता येत नाही. अस्सलाची खूण चिन्हाच्या स्वामीस ठाऊक. माल अडविण्याचा अधिकार मात्र अधिकाऱ्याचा. हा भेद ध्यानी घेऊनच ८ मे २००७ चे आयातविषयक नियम रचलेले दिसतात. स्वामीने चिन्हाची नोंद विभागाकडे करावी, बंधपत्र व तारण द्यावे. माल अडविल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत कार्यवाहीत सामील व्हावे. ही मुदत आणखी १० दिवस वाढविता येते. नंतर माल सुटतो. तारणाची अट जाचक खरी. परंतु तिच्याविना निरपराध आयातदाराच्या हानीस कोण उत्तरदायी राहिला असता?

हुबेहूब नकलेपेक्षा नामसादृश्य अधिक अवघड. ‘अमृतधारा’ व ‘लक्ष्मणधारा’ यांची पूर्वपदे भिन्न. तरी सामान्य ग्राहकाचे अपुरे स्मरण प्रमाण मानून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ती नावे फसगत होण्याइतकी सदृश ठरविली. (मूळ स्वामीच्या दीर्घ मौनामुळे दुसऱ्या नावाची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती टिकली, हे निराळे.) बंदरावर असा प्रथमदर्शनी निर्णय पेटीजवळच घ्यावा लागतो. म्हणून नोंदीत केवळ चित्र पुरेसे नाही. नावाचे बाजारातील उच्चार आणि देवनागरी लेखनही स्वामीने द्यावयास हवे.