नवा माणूस घेतला की पब्लिक काय म्हणतं? फुटबॉलच्या फॅन्सकडून शिकण्यासारखं



तुमच्या दुकानात नवा माणूस कामाला लागतो. पहिल्याच दिवशी जुनं गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून म्हणतं, "अहो, आधीचा पोरगा बरा होता." घरी गेलात की आई म्हणते, "एवढा पगार कशाला ठरवलास?" शेजारचा दुकानदार चहा पिता पिता विचारतो, "याला जमेल का?" आणि रात्री तुम्हाला झोप येत नाही. आपण चूक तर नाही ना केली?

मित्रांनो, हाच प्रसंग जगात सगळ्यात मोठ्या आवाजात कुठे घडतो माहीत आहे? फुटबॉलमध्ये. म्हणून आज आपण धंद्यातला हा प्रश्न फुटबॉलच्या मैदानावरून समजून घेणार आहोत. फुटबॉल बघत नसाल तरी काळजी नको, एकदम सोपं करून सांगतो.

युरोपात एका क्लबचा खेळाडू दुसऱ्या क्लबला हवा असेल, तर त्या क्लबला किंमत मोजावी लागते. तिला म्हणतात ट्रान्सफर फी. ही खरेदी वर्षातून ठरावीक मुदतीतच करता येते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी फॅन्स टीव्हीसमोर बसून असतात. नवा खेळाडू जाहीर झाला की कोणी नाचतं, कोणी कपाळावर हात मारतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा सामना पाहिला असेल, तर ही माणसं किती जीव लावतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

३१ जानेवारी २०११ : एक दिवस, तीन खेळाडू

या दिवशी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबने आपला लाडका स्ट्रायकर फर्नांडो टोरेस चेल्सीला विकला. किंमत ५ कोटी पौंड, म्हणजे ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रम. लिव्हरपूलचे काही फॅन्स इतके चिडले की त्यांनी टोरेसच्या नावाचे शर्ट रस्त्यावर जाळले.

त्याच दिवशी लिव्हरपूलने न्यूकॅसल क्लबकडून अँडी कॅरोल नावाचा २२ वर्षांचा उंचापुरा स्ट्रायकर घेतला. किंमत साडेतीन कोटी पौंड! ब्रिटिश खेळाडूसाठी तोपर्यंत कुणी एवढे पैसे मोजले नव्हते. पोरगा हेलिकॉप्टरने आला. टोरेसचा ९ नंबरचा शर्ट त्याला मिळाला. फॅन्सना वाटलं, एवढी किंमत मोजली म्हणजे माणूस तेवढ्या तोलाचाच असणार.

आणि त्याच दिवशी तिसराही सौदा पूर्ण झाला. हॉलंडच्या आयॅक्स क्लबकडून लुईस सुआरेझ, सुमारे २ कोटी २८ लाख पौंडांना.

आता पुढे काय झालं बघा.

कॅरोल आला तेव्हाच त्याला दुखापत होती, त्यामुळे पहिला सामना खेळायला मार्च उजाडला. लिव्हरपूलसाठी त्याने लीगचे ४४ सामने खेळले आणि गोल किती केले? ६. सुआरेझने दोनच दिवसांनी, बदली खेळाडू म्हणून उतरून पहिल्याच सामन्यात गोल केला. २०१३-१४ च्या हंगामात त्याने लीगमध्ये ३१ गोल मारले. आणि ज्याचे शर्ट जाळले तो टोरेस? चेल्सीसाठी लीगच्या ११० सामन्यांत २० गोल. म्हणजे ज्याच्या जाण्याने लिव्हरपूलचे लोक रडले, तो चेल्सीत गेल्यावर पूर्वीसारखा चाललाच नाही.

त्या दिवशी जो कोणी ओरडला, रडला किंवा नाचला, त्यातल्या बहुतेकांचा अंदाज चुकला. मूर्ख होती का ती माणसं? अजिबात नाही. त्यांनी किंमत पाहिली, नाव पाहिलं, जुन्या माणसाची आठवण काढली. त्यांना दिसत होतं तेवढ्यावरून त्यांनी मत बनवलं. तुमचं गिऱ्हाईकसुद्धा हेच करतं.

साडेतीन कोटी आले कुठून?

इथे धंद्याचा मोठा धडा आहे. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी नंतर सांगितलं की त्यांचं लक्ष फक्त दोन सौद्यांमधल्या फरकावर होतं. टोरेस विकून येणारे पैसे आणि कॅरोलसाठी जाणारे पैसे, यांत दीड कोटी पौंड आपल्याकडे उरले पाहिजेत. न्यूकॅसल जेवढं मागेल, त्यावर दीड कोटी चढवून चेल्सीकडून घ्यायचे. थोडक्यात, तो साडेतीन कोटींचा आकडा म्हणजे कॅरोलच्या खेळाची किंमत नव्हती. विकणाऱ्याला माहीत होतं की समोरच्याला माणूस आजच हवाय, आणि त्याच्या हातात पैसाही आहे.

आता हे आपल्याकडे आणा. तुमचा कारागीर दिवाळीच्या आठ दिवस आधी सोडून गेला. तुम्ही घाईघाईत दुसरा शोधला. त्याने दीडपट पगार मागितला, तुम्ही दिला. तो दीडपट पगार त्याच्या हाताची किंमत आहे की तुमच्या घाईची? आणि उद्या तुम्हीच म्हणणार, "एवढा पगार देतो, मग काम का नाही होत?" अहो, पगार तुमच्या गरजेने वाढला, त्याचं कौशल्य एका रात्रीत कसं वाढेल?

कॅरोलवर अन्यायही नको करूया. २०१२ च्या एफए कप सेमीफायनलमध्ये एव्हर्टनविरुद्ध त्याने शेवटच्या मिनिटांत हेडरने विजयी गोल मारला होता. उंचावरून आलेला चेंडू डोक्याने मारणं ही त्याची ताकद. पण २०१२ मध्ये नवे कोच ब्रेंडन रॉजर्स आले. त्यांना जमिनीवरून छोटे पास देत खेळणारा संघ हवा होता. कॅरोलची ताकद त्या पद्धतीत बसेना. क्लबने त्याला आधी उसना म्हणून वेस्ट हॅमला दिला आणि २०१३ मध्ये तिथेच विकला. माणूस तोच होता, काम बदललं होतं.

आता उलटी गोष्ट : जेमी वार्डी

हा मुलगा १६ व्या वर्षी शेफिल्डच्या क्लबमधून बाहेर काढला गेला. फॅक्टरीत काम करून छोट्या क्लबमध्ये खेळायचा, आठवड्याला ३० पौंडांवर. पुढे फ्लीटवूड नावाच्या पाचव्या पातळीवरच्या क्लबमध्ये त्याने एका हंगामात लीगचे ३१ गोल मारले. मे २०१२ मध्ये लेस्टर सिटीने त्याला घेतलं, १० लाख पौंड मोजून. एवढ्या खालच्या पातळीवरच्या खेळाडूसाठी हा विक्रम होता.

पहिल्या हंगामात त्याने लीगच्या २६ सामन्यांत ४ गोल केले. फॅन्स सोशल मीडियावर तुटून पडले. वार्डी इतका खचला की फुटबॉल सोडायचं त्याच्या मनात आलं. तेव्हा मॅनेजर नायजेल पिअर्सन आणि त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी त्याला बसवून समजावलं. तू इथे खेळू शकतोस, आमचा तुझ्यावर विश्वास आहे.

पुढच्या हंगामात १६ गोल आणि लेस्टर प्रीमियर लीगमध्ये. २०१५-१६ मध्ये २४ गोल, सलग ११ सामन्यांत गोल करण्याचा विक्रम, आणि ज्या संघावर हंगामाच्या सुरुवातीला एकाला पाच हजार असा भाव होता तो लेस्टर चॅम्पियन! वार्डी २०२५ पर्यंत तिथेच राहिला. ५०० सामने, २०० गोल.

विचार करा, पहिल्या वर्षी फॅन्सचं ऐकून लेस्टरने त्याला काढलं असतं तर?

ही चूक मी केली आहे

हे सगळं मी तुम्हाला वरून ज्ञान म्हणून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी कोर्सच्या चौकशीचे फोन घ्यायला मी एक मुलगा ठेवला. त्याच्या आधी एक ताई होत्या, सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना त्यांच्या आवाजाची सवय. आठवडाभरात मला तीन-चार जणांनी ऐकवलं, "सर, त्या ताईच बऱ्या होत्या. याला काहीच माहीत नसतं." तिसऱ्या आठवड्यात मी त्याला थांबायला सांगितलं.

जाताना तो शांतपणे म्हणाला, "सर, बॅचचं टाइमटेबल आणि फीचा कागद मी दोनदा मागितला होता."

खरं होतं. मी दिला नव्हता. त्या ताईंना सगळं तोंडपाठ होतं, म्हणून तो कागद कधी बनलाच नव्हता. लोक तक्रार माझ्या कामाची करत होते, शिक्षा मात्र त्याला मिळाली. आज तो दुसऱ्या एका ठिकाणी छान काम करतोय आणि मला तो कागद शेवटी बनवावा लागलाच. लोकांना प्रशिक्षण देणारा माणूस मी! अजूनही ते आठवलं की ओशाळायला होतं.

मग तुम्ही काय करायचं?

वही काढा आणि पुढचे पाच मुद्दे लिहून घ्या.

१. आधी काम लिहा, मग माणूस शोधा. "चांगला माणूस हवा" हे वाक्य खोडून टाका. सकाळी सात वाजता पोह्यांचा पहिला घाणा तयार पाहिजे, दुपारी हिशेब मिळाला पाहिजे, असं लिहा. तुमच्या धंद्यात चेंडू उंचावरून येतो की जमिनीवरून, हे आधी तुम्हाला माहीत हवं.

२. आधीच्या मालकाला फोन करा. सुआरेझ लिव्हरपूलला आला तेव्हा प्रतिस्पर्ध्याला चावल्याबद्दल हॉलंडमध्ये त्याच्यावर ७ सामन्यांची बंदी घातली गेली होती. पुढे लिव्हरपूलमध्ये असताना एकदा वर्णद्वेषी बोलण्यासाठी ८ आणि पुन्हा चावल्याबद्दल १० सामन्यांची बंदी आली. हात कितीही चांगला असला तरी स्वभावाचा खर्च वेगळा येतो. तो आपल्याला परवडेल का, हे घेण्याआधी ठरवा.

३. मुदत आणि मोजमाप पहिल्याच दिवशी सांगा. "तीन महिने बघू. या तीन गोष्टी मी मोजणार आहे." हे त्याला माहीत असू द्या, घरच्यांनाही माहीत असू द्या. मग आई विचारेल तेव्हा तुमच्याकडे उत्तर असेल, "अजून दोन महिने आहेत."

४. गिऱ्हाईक आणि नवा माणूस यांच्या मध्ये तुम्ही उभे राहा. कोणी म्हणालं "चव बदलली," तर त्याच्यासमोर महाराजांना झापू नका. "सांगितलंत ते बरं झालं, मी बघतो" म्हणा. मग आत जाऊन स्वतः चव घ्या. मीठ खरंच जास्त असेल तर सांगा. नसेल तर महाराजांना एवढंच म्हणा, "बरोबर चाललंय." ही दोन वाक्यं तुम्हाला फुकट पडतात, पण नव्या माणसासाठी त्यांची किंमत फार मोठी आहे.

५. मुदत संपली की निर्णय घ्या. धीर धरणं म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे. तुम्ही साहित्य दिलं, शिकवलं, वेळ दिला, तरी काम होत नसेल, तर पैसे अडकले म्हणून माणूस अडकवून ठेवू नका. लिव्हरपूलने कॅरोलवर मोठा तोटा सोसला, पण सोडला. नीट बोलून, हिशेब चुकता करून सोडा.

ओरडणारं गिऱ्हाईक शत्रू नाही

शेवटचं एक सांगतो. फॅन चिडतो कारण त्याला क्लब आपला वाटतो. ज्या गिऱ्हाइकाला तुमचं दुकान आपलं वाटतं, तेच काउंटरवर टेकून "आधीचा बरा होता" म्हणतं. ज्याला काही देणंघेणं नाही, ते गुपचूप समोरच्या दुकानात जातं. म्हणून त्याचं ऐका, वहीत लिहा, आभार माना. पण तीन महिन्यांनंतरचा निकाल पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून ऐकू नका, मग ती टीका असो की कौतुक.

तुमच्याकडे आत्ता कोणी नवीन माणूस कामाला लागला असेल, तर आज दुकान बंद करताना त्याला एकच प्रश्न विचारा, "काम नीट व्हायला तुला माझ्याकडून काय हवंय?" आणि तो जे मागेल, तो कागद, ती सुरी, ती चावी, उद्या सकाळी त्याच्या हातात द्या.

भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत धंदा करत राहा, शिकत राहा!