दृक्प्रत्यय आणि आबालाल रहिमान

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांना ‘दृक्प्रत्ययवादी’ हे विशेषण लावले जाते. ते कितपत सार्थ आहे, हे ठरविण्यापूर्वी या संज्ञेची घडण पाहणे इष्ट होय.

१८७४ साली पॅरिस येथील प्रदर्शनात क्लोद मोने यांनी ल हाव्र बंदरातील सूर्योदयाचे चित्र मांडले व त्याच्या नावात ‘इम्प्रेशन’ हा शब्द योजिला. लुई लरॉय या टीकाकाराने तोच शब्द उपहासाने साऱ्या गटास चिकटविला. पुढे तो गौरवाचा झाला. मूळ शब्दाचा अर्थ ठसा. मराठी पर्यायात त्या जागी ‘प्रत्यय’ आला आहे. ठसा आपोआप उमटतो. प्रत्यय म्हणजे अनुभवाने पटलेले ज्ञान, आणि त्यात पाहणाराही सहभागी असतो.

आबालाल यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले. तेथील शिक्षण ब्रिटिश अकादमीच्या वळणाचे. काटेकोर रेखन व छायाप्रकाश हा त्याचा पाया. पुढे ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. वास्तव्य कोटितीर्थ तलावाकाठी होते. रंकाळ्याच्या पाण्यातील दगडी संध्यामठ हा त्यांच्या एका प्रसिद्ध चित्राचा विषय. वास्तू तीच राहते. परंतु प्रहर पालटला की पाणी, पाषाण व आकाश यांचे परस्परसंबंध पालटतात. हे पालटणे टिपणे, हेच अशा चित्रणाचे मर्म होय.

तेव्हा ‘दृक्प्रत्यय’ हा शब्द आबालाल यांना यथार्थपणे लागू पडतो. अडचण आहे ती ‘वाद’ या उत्तरपदाची. वाद म्हटला की समानधर्मी मंडळी, जाहीर भूमिका व प्रस्थापितांशी झगडा अभिप्रेत असतो. पॅरिसच्या गटाने १८७४ ते १८८६ या काळात आठ प्रदर्शने भरविली. आबालाल यांची साधना एकाकी होती. त्यांना ‘वादी’ म्हटल्याने फ्रेंच चळवळीची एक दूरची शाखा कोल्हापुरात कल्पिली जाते, आणि रंकाळ्याकाठी त्यांनी स्वतः कमावलेली दृष्टी उसनी ठरते.

१९२२ साली शाहू महाराज निवर्तल्यानंतर आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे पंचगंगेत बुडविली, अशी आख्यायिका आहे. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्यांची काही चित्रे आहेत. ती पाहताना अभ्यासकाने संज्ञेचे पूर्वपद हाती धरावे, उत्तरपद दाराबाहेर ठेवावे.